बटाट्याला भुवया नव्हत्या

बटाटा मंजूर झाला ही बातमी त्याला जिन्यात कळली. लिफ्ट बंद होती, म्हणजे नेहमीसारखीच बंद होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक हात कठड्यावर ठेवून तो श्वास घेत उभा असताना खिशातला फोन थरथरला. ‘बटाटा फायनल. त्यांना प्रचंड आवडलाय. आता हात लावू नका.’ मालकाचा निरोप. त्याने तो दोनदा वाचला. अठरा दिवसांत एकही भाजी पहिल्या फटक्यात पास झाली नव्हती. टोमॅटो अकरा वेळा परत आला होता, कारण तो म्हणे आढ्यताखोर दिसत होता. वांग्याच्या नजरेत खोट होती. कांद्याबद्दल तर काम देणाऱ्या कंपनीच्या बाईंनी फोन करून विचारलं होतं की हा रडका का दिसतोय, आणि त्यावर काय उत्तर द्यावं हे त्याला अजून सुचलेलं नव्हतं. आणि पास कोण व्हावा, तर बटाटा. जो तयारच नव्हता. ज्याच्यावर त्याने काल दुपारी, डोकं उठलं होतं म्हणून, नुसती जागा धरून ठेवायला एक चेहरा टाकला होता आणि फाइलला ‘कच्चं’ असं नाव देऊन तो जेवायला गेला होता. वरून झाडूवाली बादली घेऊन उतरत होती, तिला त्याने भिंतीला चिकटून वाट करून दिली. तो चेहरा त्याच्या आईचा होता.

खरं तर चेहरा म्हणणंही जास्तच. दोन डोळे, नाकाखालची सावली आणि तोंड, एवढंच त्याने घेतलं होतं. पण ज्याने ते रोज सकाळी चहाच्या कपावरून पाहिलंय त्याला बाकीचं सांगायला नको. काम असं होतं की शहरभर दुकानं असलेल्या एका भाजीच्या कंपनीला सात भाज्यांना माणसांचे चेहरे लावून हवे होते. मोठ्या फलकांवर, दुकानांच्या दारांवर, पिशव्यांवर. चित्रं नकोत, खरी माणसं हवीत, असं त्या बाईंनी पहिल्याच बैठकीत टेबलावर बोट आपटून सांगितलं होतं. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे भाजीबाई म्हणत. ऐकायला पोरखेळ वाटतो, घरी सांगायची लाज वाटावी असं काम, पण हाताला घाम फोडतं. माणसाच्या फोटोतून कातडीचा रंग काढून टाकायचा, मग उरतात फक्त सावल्या आणि उजेड, आणि त्या भाजीच्या सालीत मुरवायच्या. जिथे फुगवटा तिथे गाल, जिथे खळगा तिथे डोळा. साल दिसली पाहिजे, चट्टे दिसले पाहिजेत, चिकटलेली मातीसुद्धा राहू द्यायची, आणि तरी कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं पाहिजे. त्यासाठी विकतच्या फोटोंमधले चेहरे आणून दिले होते, दोनशे चाळीस. सगळे गुळगुळीत. एक सुरकुती शपथेला सापडायची नाही. आणि सुरकुतीच नसेल तर सालीत मुरवणार काय, कपाळ? तो चेहरा बटाट्यावर ठेवला की गोंदाने चिकटवल्यासारखा वर तरंगायचा. यात चीड येण्यासारखी गोष्ट ही की त्या चेहऱ्यांवरच्या रेषा ज्यांनी पुसल्या ते सगळे त्याच्याच धंद्यातले. बावीस वर्षं तो स्वतः हेच करत आला होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मानेच्या वळ्या, ओठांच्या कडेच्या चिरा, लोकांच्या मामांच्या हनुवटीवरचे मस. ऑफिसात त्याला खोडरबर म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तोही ओ द्यायचा. आता त्याच रेषा शोधत अठरा दिवस वणवण चालली होती. तक्रार करायची तरी कोणाकडे.

तो उरलेल्या पायऱ्या चढला नाही. वळणावरच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकला. खाली एक माणूस दुकानाची काच पुसत होता, वरपासून खालपर्यंत, परत वरपासून, आणि प्रत्येक वेळी खालच्या कोपऱ्यात एक ओघळ राहत होता. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी आई चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप खाली आलं. तिने पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. मग तिने त्याला बोलावलं नाही, टॉवेलने तोंड झाकून स्वयंपाकघरात जाऊन बसली. तोच उठून गेला आणि बघतो तो तिचा अर्धा चेहरा जागचा हलेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, बरं होईल, तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, थोडं राहीलही. ‘थोडं राहीलही’ हे त्यांनी कागदावर काहीतरी खरडता खरडता सांगितलं. आईने तेवढंच ऐकलं. एकतीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं, आणि त्या एकतीस वर्षांत तिला कधी आवाज चढवावा लागला नाही. फळ्याकडून वळायची आणि नुसती डावी भुवई वर करायची. पन्नास पोरं गप्प. घरातही तेच, तो आणि ताई त्या भुवईच्या धाकात वाढले, आणि बाबा असेपर्यंत बाबाही. आता ती भुवई कपाळावर पडून होती. डावा डोळा पुरता मिटत नव्हता, झोपताना त्यावर चिकटपट्टी लावावी लागे. आईने बेसिनवरच्या आरशाला टॉवेल टांगला तो टांगलाच. दाराची बेल वाजली की ती आतल्या खोलीत जायची. समोरच्या वहिनी तीनदा डबा घेऊन आल्या, तिन्ही वेळा त्याने आई झोपलीय म्हणून सांगितलं, तिसऱ्यांदा सकाळी दहा वाजता. परगावची ताई फोनवर चेहरा बघायला मागायची तर आई फोन छताकडे धरायची, आणि ताई पंख्याशी अर्धा तास बोलायची. नंतर ताई त्यालाच फोन करून झापायची, तू आईला समजावत का नाहीस म्हणून. जसं काही आई समजावून घेणाऱ्यातली होती.

आणि ते फोटो. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, आई त्यांना व्यायामवाली म्हणे, आणि त्यांनी सांगितलं की दर शनिवारी फोटो काढा, एकाच खुर्चीत, एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून, म्हणजे फरक कळेल. पाच फोटो. भुवया वर, डोळे घट्ट मिटून, गाल फुगवून, शीळ घालताना, हसताना. आईने सरळ नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काढ. पण कोणाला दाखवायचे नाहीत. ताईलासुद्धा नाही. त्या व्यायामवालीला दाखव आणि ठेवून दे.” तो म्हणाला, नाही दाखवणार. “शब्द?” “शब्द.” ती बसली. सत्तर वर्षांची बाई, हात मांडीवर, परीक्षेला बसावं तशी. गाल फुगवले की हवा डावीकडून फुस्स करून निघून जायची. शीळ तर येतच नव्हती. तो बोटांनी फोकस धरत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता, म्हणजे फोटोकडे बघायचा, तिच्याकडे नाही. त्या धंद्यात राहून राहून ही कला येते. तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, आता हस, तर ती म्हणाली, “कशाला? कारण सांग.” मग त्याने तिला तो किस्सा सांगितला, त्याने एकदा घाईत एका पुढाऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस फोटोतून पुसला पण पुढाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला त्याचा हात पुसायचा राहिला, आणि तो कोणाचाच नसलेला हात घेऊन पुढारी तीन आठवडे भिंतीभिंतीवर झळकत होते. ती हसली. व्यायामाचं नव्हे, खरंच हसली. उजवा कोपरा वर गेला, डावा जागीच राहिला, डाव्या डोळ्याखाली पाणी आलं, आणि सगळ्या रेषा, कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या, उजव्या बाजूला धावल्या. त्याने बटण दाबलं. चार महिन्यांत ती तेवढी एकदाच हसली होती.

म्हणजे काल दुपारी त्याने काय केलं होतं? व्यायामवालीला पाठवायचे म्हणून ते फोटो ऑफिसच्या मशीनवर होतेच. विकतचा शहाण्णवावा चेहरा बटाट्यावरून घसरला आणि त्याने वैतागून शेजारची फाइल उघडली. उजेड डावीकडून, बटाट्यावरही डावीकडून. अंतर बरोबर. त्याने तोंड उचललं आणि ठेवलं, आणि ते बसलं. बटाट्याला उजवीकडे एक खळी होती, कुदळीची खूण असेल, तिच्यात ओठाचा कोपरा असा जाऊन बसला की त्याने माउसवरचा हात काढून घेतला. डोळे लावायला चार मिनिटं लागली. भुवया लावल्या नाहीत. तात्पुरतं आहे, असं तो स्वतःला म्हणाला, मोठ्याने म्हणाला बहुतेक, कारण पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं होतं. आणि मग जेवायला जाताना त्याने यंत्र बंद केलं नाही, फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली, जिथे मालक दर तासाला डोकावतो हे ऑफिसातल्या मांजरालाही माहीत होतं.

तिसऱ्या मजल्यावर मालक दारातच भेटला. एकतीस वर्षांचा, आईने शिकवलं तेवढंच त्याचं वय, आणि त्याला काका म्हणायचा. “काका, जिंकलात. भाजीबाई फिदा आहेत. बटाट्यालाच सगळ्यात पुढे ठेवू म्हणतात, मोठ्या फलकावर एकटा तोच.”

“तो पूर्ण झालेला नाही, मालक. चेहरा बदलायचाय.”

“का?”

“कच्चं होतं ते. फाइलचं नावच कच्चं आहे.”

“मग नाव बदला ना,” मालक म्हणाला, आणि हसत निघून गेला, कारण त्याला वाटलं आपण फार छान बोललो.

तो जागेवर बसला. मोठ्या पडद्यावर बटाटा, हातभर रुंद, त्याच्याकडे बघून हसत होता. आजूबाजूला की-बोर्ड खडखडत होते, कोणीतरी सफरचंद खात होतं, कचकच आवाज करत, आणि त्याला त्या सफरचंदवाल्याचा असा राग आला की कान तापले. अरे, खायचंय तर बाहेर जाऊन खा. मग तो ज्यात तरबेज होता ते त्याने केलं. उजवी बाजू उचलली, उलटी केली, डावीकडे बसवली. या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती, कोणाचं नाक वाकडं असो की जबडा, चांगली बाजू घ्यायची आणि दोन्हीकडे लावायची. दहा मिनिटं. व्यायामवालीला चार महिन्यांत जमलं नाही ते त्याने दहा मिनिटांत केलं. डावा कोपरा वर गेला, डोळा मिटेलसा झाला, ओठ सरळ रेषेत आले. आई बरी झाली. तो मागे रेलून बघत राहिला. ही बाई त्याच्या ओळखीची नव्हती. आजाराआधीची आईसुद्धा अशी नव्हती. कोणाचीही आई अशी नसते. पण ओळखीची नाही म्हणजे काम झालं होतं, आणि त्याने सुटकेचा निःश्वास टाकून ती फाइल भाजीबाईंना थेट पाठवली.

तिसऱ्या मिनिटाला फोन. “हे काय केलंत तुम्ही?”

“थोडं सफाईचं काम केलं, बाई.”

“सफाई? मेला तो. कालचा बटाटा कुठाय?”

“काल जरा वाकडं झालं होतं तोंड.”

“तेच तर,” भाजीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली घाई कमी झाली. “हे बघा, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण कालच्या त्याला हसायचं नव्हतं, आणि तरी हसू आलं त्याला. ते मला हवंय. माझ्या आईला दाखवला मी, ती म्हणाली हा घरचा वाटतो. तुम्ही तो तसाच द्या. कृपा करा.”

अठरा दिवस या बाईने त्याचं रक्त आटवलं होतं. टोमॅटोच्या नाकपुड्यांवरून तिने त्याला दोन रविवार बोलावलं होतं. आणि आता, जेव्हा तिने चुकायला हवं होतं, तेव्हाच नेमकी ती बरोबर बोलत होती. याच्याइतकं चिडवणारं दुसरं काही नसेल. कारण त्यालाही माहीत होतं. बावीस वर्षांत त्याने एवढं चांगलं काही केलं नव्हतं. लोकांच्या चेहऱ्यांवरून काय काय पुसलं त्याचा ढीग रचला तर छताला लागेल, पण ‘हे मी केलं’ म्हणून बोट दाखवावं असं एकही नाही, आणि आता एक होतं, तर ते बटाट्यावर, आणि तेही चोरीचं.

संध्याकाळी निघताना मालकाने हाक मारली. “काका, बटाट्याचा चेहरा त्या दोनशे चाळिसांत नाही म्हणे. कोणाचा आहे?”

त्याने खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “ओळखीच्या एक बाई आहेत.”

“मग त्यांची सही लागेल. संमतीपत्र. उद्या-परवा घ्या, सोमवारी सकाळी मला द्या, दुपारी छापायला जाईल.” त्याने छापील कागद पुढे केला. “नाही दिली त्यांनी, तर सांगा. मग भाजीबाईंना मी काय सांगायचं ते बघतो. पण देतील ना? कोणाला नको असतं हो असं, गावभर चेहरा.”

सुटका इथेच होती, हातात ठेवलेली. नाही देणार म्हणाला असता तर विषय संपला असता; आईला कधी कळलंही नसतं. तो म्हणाला, “विचारतो.” आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीला स्वतःच्या नावाने बोटं मोडत राहिला.

शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेली होती तेव्हा त्याने कागद टेबलावर पसरला. खाली एक ओळ, सहीसाठी. आईची सही त्याच्याकडे होती; दवाखान्याच्या कागदांवर, विम्याच्या कागदांवर, सगळं त्याने स्वतःच स्कॅन करून ठेवलेलं. ठसठशीत सही, प्रगतिपुस्तकांवर हजारदा केलेली, शेवटी आडवी रेघ. ती उचलून या ओळीवर बसवायला त्याला पाच मिनिटंही लागली नसती, आणि जगातल्या कोणाला ओळखता आलं नसतं. त्याने लॅपटॉपवर दवाखान्याची फाइल उघडली. सही मोठी केली. मागचा कागद पांढरा केला, रेघेचं टोक स्वच्छ केलं, आणि हे सगळं हात आपोआप करत होते, जसे रोज करतात. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मध्येच पाणी थांबलं आणि आईने शीळ घालून पाहिली. नुसती हवा. परत एकदा. परत नुसती हवा. त्याने लॅपटॉप झाकला. आपण इतके कसे काय बिघडलो, असं त्याच्या मनात आलं, आणि बिघडलो कुठे, हे तर आपलं रोजचं काम, असंही आलं, आणि दुसरं आलं म्हणून तो जास्त घाबरला.

चार वाजता खिडकीत उजेड बरोबर यायचा. आई खुर्चीत बसली, पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. “चल, आटप.”

“आई, आधी एक दाखवायचंय.”

“काय?”

त्याने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि झाकण उघडलं. तिने चष्मा लावला. तो बाजूला उभा राहिला, तिच्या उजव्या बाजूला, आणि तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत राहिला, आणि मग त्याचं त्यालाच ते लक्षात आलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती, पुन्हा करत होतं.

“हा काय, बटाटा?”

“हो. ऑफिसचं काम.”

“हे माझं तोंड आहे.”

“हो.”

“तिसऱ्या आठवड्यातलं. तो हाताचा किस्सा सांगितलास तेव्हाचं.” तिचा आवाज वर्गात उत्तर तपासतानाचा होता. “कोणी पाहिलं हे?”

“ऑफिसात सगळ्यांनी. कंपनीच्या बाईंनी. त्यांच्या आईने.” आता लपवून उपयोग नव्हता, म्हणून तो सगळं सांगत सुटला, दोनशे चाळीस चेहरे, टोमॅटो, मालक, मोठा फलक, सोमवार, सहीचा कागद. “तात्पुरतं लावलं होतं गं. बदलणार होतो. घाई होती, डोकं जाग्यावर नव्हतं. तुला आधी विचारायला हवं होतं.”

“विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.”

“माहीत आहे.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

तो अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, आणि गृहपाठ न केलेल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. ती बटाट्याकडे बघत होती. तिने बोट पुढे नेलं आणि पडद्यावरच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं, मग स्वतःच्या.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली.

त्याचा अंगठा थांबला, आणि अगदी तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “पण मी तुझ्याकडे बघून हसले होते. तुझ्या गिऱ्हाइकांकडे बघून नाही.” तिने लॅपटॉप बंद करून खाली ठेवला. “ऊठ म्हणत होते मी स्वतःला रोज, ऊठ, दार उघड, त्या समोरच्या बाईशी दोन शब्द बोल. होत नव्हतं. आणि तू मला परस्पर गावात नेऊन उभी केलीस. बरं, भुवया का नाही लावल्यास?”

“बटाट्याला शोभत नव्हत्या.”

“खोटं बोलू नकोस.”

“डावी पडलेली होती,” तो म्हणाला. “मला बघवली नाही.”

ती उठली. खुर्चीच्या पाठीला धरून एक क्षण उभी राहिली, मग खुर्चीकडे बोट दाखवलं. “बस.”

“आई...”

“बस म्हटलं ना. फोन दे इकडे. हे बटण दाबायचं ना?”

तो बसला. खिडकीचा उजेड डोळ्यांत आला. या खुर्चीतून खोली इतकी मोठी दिसते हे त्याला माहीत नव्हतं. आई त्या टोकाला, हातात फोन, आणि तो इथे, हात कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून शेवटी मांडीवर. “भुवया वर,” ती म्हणाली. त्याने केल्या. “अजून वर. नीट.” क्लिक. “गाल फुगव.” त्याने फुगवले. त्याच्या चेहऱ्याला काहीही झालेलं नव्हतं, सगळ्या नसा शाबूत, सगळं हलत होतं, आणि तरी भर रस्त्यात कपडे उतरवल्यासारखं वाटत होतं. क्लिक. “हस.” तो कसाबसा हसला. “हे काय हसणं?” क्लिक. “आता डोळे मिट. घट्ट.” त्याने मिटले. अंधारात पापण्या थरथरत होत्या, त्या थांबेनात. क्लिक ऐकू आलं.

“कोणाला दाखवू नकोस हं,” तो म्हणाला. न ठरवता तोंडातून गेलं.

मग आई म्हणाली, “शब्द देऊ? तुझ्यासारखा?”

तो डोळे मिटून बसून राहिला. उघडायला तिने सांगितलं नव्हतं. टेबलाकडे पावलं गेली, कागद उचलल्याचा आवाज आला, आणि मग तो आवाज, एकच, सावकाश, वरपासून खालपर्यंत फाटत आलेला. पुन्हा एकदा, आडवा. त्याला पहिल्यांदा आली ती चीड. लाज नंतर आली, खरं सांगायचं तर बरीच नंतर. बावीस वर्षांत एक काम धड झालं होतं. सोमवारी मालकाचं तोंड, भाजीबाईंचा तो खाली आलेला आवाज, परत विकतचे दोनशे चाळीस गुळगुळीत चेहरे, परत शहाण्णवपासून पुढे. एक सही केली असती तर काय बिघडणार होतं हिचं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने डोळे उघडले.

आई समोर उभी होती, फाटलेल्या कागदाचे चार तुकडे एका हातात, फोन दुसऱ्या हातात. ती त्याच्याकडे बघत होती, फळ्याकडून वळून बघायची तशी, त्याच्या मनात आत्ता काय आलं ते तिला पुरतं कळलं होतं. आणि तिची डावी भुवई वर होती. उजवीएवढी नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, पण वर.

“काय बघतोस?”

“भुवई,” तो म्हणाला. “आई, भुवई.”

तिने कागदाचे तुकडे तसेच हातात धरून मनगटाने कपाळ चाचपलं. हात लागताच भुवई खाली आली. तिने पुन्हा वर केली. सावकाश, काहीतरी जड उचलावं तशी, पण गेली. ती तशीच उभी राहिली. बेसिनच्या झाकलेल्या आरशावरचा टॉवेल दारातून दिसत होता.

“फोटो काढू?” त्याने हात पुढे केला.

“नाही,” आई म्हणाली. फोन तिने मागे घेतला, चष्मा नाकावर सारखा केला, आणि पुन्हा त्याच्यावर रोखला. “तू बस. शीळ राहिली तुझी.”

त्याने ओठ पुढे काढले, जीभ मागे घेतली, जोर लावला, पण शीळ काही येईना.